गाव सांगितल्याशिवाय न उघडणारी वेबसाइट

मंगळवार, दुपारी साडेतीन. स्थळ पडेगावचा लाकडी तेलघाणा. हजर : माझ्या वहिनींचे मामा, मामांचा मुलगा, स्वतः वहिनी, आणि वही घेऊन मी.

धंदेवाल्यांनी वेबसाइटवर ज्या ज्या चुका टाळाव्यात, त्या सगळ्या आग्रहानं एकाच पानावर करून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते हे वहिनींचे मामा. वेबसाइटी करून देणं हे माझं रोजचं काम. गिऱ्हाइकाच्या चुका मी वहीत लिहिते आणि एखादी दुरुस्त झाली की तिच्यापुढं बरोबरची खूण करते. इतरांच्या चार-पाच निघतात. मामांच्या अकरा निघाल्या, आणि त्या अकराही त्यांच्या दृष्टीनं सजावट होत्या.

पानावर कोरी जागा दिसली की मामा कासावीस होतात. "फळी रिकामी दिसली की माणूस म्हणतो, माल संपला," असं म्हणून त्यांनी पानाची एकूण एक फट भरायला लावली. घाण्याचे बेचाळीस फोटो, सगळे एकाच जागी उभं राहून काढलेले. मी विचारलं, एवढे कशाला? तर हा सकाळचा, हा दुपारचा, हा लाइट गेली तेव्हाचा, असे ते बोट ठेवून दाखवू लागले. पान उघडेपर्यंत खरंच पावशेर तेल निघालं असतं. करडईचं तेल पिवळं, म्हणून अक्षरं पिवळी, तीही पांढऱ्यावर. मोबाइलवर ती मुंग्यांएवढी दिसत, पण मामा वेबसाइट फक्त मुलाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर बघत, त्यामुळे ती तक्रार त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. भाव कुठंच लिहिलेला नव्हता. "भाव आधी सांगितला की माणूस बसत नाय, पोरी. उभ्या उभ्या जातो." आणि पान उघडताच घाण्याची करकर आपोआप सुरू व्हायची. एकानं बँकेच्या रांगेत उघडलं, तर मागच्या बाईंनी त्याला विचारलं, "अहो, खुर्ची मोडली का कुणाची?" मामांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते लई खूश झाले. आवाज लांबवर पोचतो म्हणून.

यातल्या नऊ गोष्टी मी महिनाभर भांडून काढल्या. दहावी आदल्या दिवशी काढली होती. आणि मंगळवारी साडेतीनला पाहिलं, तर ती परत जागेवर.

ही दहावी चूक म्हणजे दारातले तीन प्रश्न. पानावर पाऊल टाकण्याआधी घाण्याच्या एका फोटोवर चौकट यायची : गाव कोणतं? कोणाचे तुम्ही? कोणाच्या ओळखीनं आलात? तिन्ही भरल्याशिवाय पुढं काही दिसायचं नाही. मामा सकाळी शहागंजात एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन ते प्रश्न परत बसवून आले होते. पासवर्ड त्यांना तोंडपाठ नव्हता, पण शेडच्या दारावर विसरू नये म्हणून त्यांनीच खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, तोच चिठ्ठीवर उतरवून नेला. कॉम्प्युटरवाला शहाणा. असा पासवर्ड धोक्याचा म्हणून त्यानं तो बदलला, आणि वैजापूरला लग्नाला निघून गेला. फोन लागेना.

"बाबा, आजच करायचं होतं हे?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

कारण पुण्याच्या एक बाई चार वाजता ही वेबसाइट बघणार होत्या. त्यांची तीन दुकानं आहेत आणि त्यांना कायमचं करडईचं तेल एकाच घाण्याकडून हवं होतं. आम्ही आणि दुसरा एक घाणा, दोघांतून आजच निवडणार असा त्यांचा निरोप होता. हे काम मिळालं नाही, तर दिवाळीनंतर घाणा बंद आणि शेड गाड्या धुणाऱ्याला भाड्यानं, असं मुलानं ठरवलं होतं. गाडीवाला येऊन जमिनीवर चुन्याच्या रेघा आखूनही गेला होता. मामा रोज सकाळी त्या रेघांवर पेंडीची पोती ठेवत, आणि विचारलं की म्हणत, "तिथं वारं चांगलं लागतं."

चार वाजले. मी कॉम्प्युटरवाल्याला सातव्यांदा फोन लावला. चार दहा. मुलगा मोबाइलकडे बघत बसला. कुणी चौकट भरली की त्याला निरोप यायचा. काही आलं नाही.

"त्या आत येणार कशा?" मी म्हणाले. "पुण्याच्या बाई कुणाची ओळख लिहिणार? मामा, असं दारात अडवतात का कुणी?"

"मग दार तसंच उघडं टाकायचं व्हय?" मामा म्हणाले आणि करडईच्या पोत्यात हात घालून उगाच दाणे चाळू लागले.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "ताई, हे प्रश्न थोरल्या मामांचे आहेत, यांच्या भावाचे. शब्द न् शब्द. ते असेतोवर गाव सांगितल्याशिवाय इथून कुणी तेल नेलं नाही. फोनवरसुद्धा आधी हेच. यांनी घाणा बघायचा, त्यांनी माणसं बघायची."

थोरले जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा बटणांचा फोन अजून कोनाड्यात चार्जिंगला असतो. मामा तो रोज पुसतात. वाजला तर मात्र उचलत नाहीत, तो गप्प होईपर्यंत बाजूला उभे राहतात. माझ्या वहीतली अकरावी चूक हीच होती : संपर्काचा नंबर पानावर कुठंच नाही. होता तो चौकटीमागच्या फोटोत, पाटीवर रंगवलेला, थोरल्यांचा.

चार पंचवीसला तो फोन वाजला.

मामा उठून उभे राहिले. मुलगा म्हणाला, "उचला, बाबा." मी पुढं झाले, तर वहिनींनी माझा हात धरला. रिंग संपली. मुलानं डोळे मिटून घेतले. फोन पुन्हा वाजला, आणि मामांनी तेलकट हात धोतराला पुसून तो कानाला लावला.

त्या फोनचा आवाज एवढा मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हॅलो? अहो, तुमची वेबसाइट मला आत घेईना. कुणाच्या ओळखीनं आलात विचारतेय. मी तिकडं कुणालाच ओळखत नाही. मागच्या फोटोतल्या पाटीवरचा नंबर मोठा करून वाचला शेवटी."

मामांनी घसा साफ केला. "गाव कोणतं?"

"पुणे."

"ते राहायचं झालं. गाव?"

बाई म्हणाल्या, "आईचं गाव परभणीकडं."

"मग करडई ठाव असंल."

"आजी भाकरीवर कच्चं तेल घालायची. वर चटणी."

"बास," मामा म्हणाले. "झाली ओळख. कधी येता?"

बाई शनिवारी आल्या. आधी मामांनी त्यांना घाण्याजवळ बसवलं, करकर ऐकवली, आणि मग भाव सांगितला. दिवाळीआधी पहिले डबे पुण्याला गेले. जमिनीवरच्या रेघा मुलानं स्वतः खराट्यानं पुसल्या.

दहाव्या चुकीपुढं मी खूण केली. चौकट अजून आहे, पण आता ती रिकामी सोडूनही आत जाता येतं. मामांना हे माहीत नाही. अकराव्या चुकीसाठी मी दर महिन्याला वही घेऊन जाते आणि म्हणते, "मामा, तुमचा स्वतःचा नंबर टाकू या आता." ते म्हणतात, "टाकू की." इतक्यात कोनाड्यातला फोन वाजतो, ते दुसऱ्या रिंगला उचलतात, आणि गाव विचारायला लागतात. मी वही मिटते. नंबर टाकायचं काम बाकी आहे.