गुळगुळीत सिनेमा

कोंडीराममामाला कुणाच्या घरी न्यायचं असलं की मामी आधी फोन करून विचारते, "तुमचा टीव्ही बंद आहे ना?" समोरच्याला वाटतं, यांच्याकडे कुणी वारलं की काय.

तसा माझा मामा अगदी साधा माणूस. कोंडीराम भालशंकर, राहणार खडकी, दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमधून गेल्या वर्षी रिटायर. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी वाकडं नाही. फक्त सिनेमा. लहानपणी भीमजयंतीच्या आठवड्यात मैदानात पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवायचे, तेव्हा पुढं जागा मिळाली नाही की मामा कापडाच्या मागे जाऊन बसायचा. तिकडून सगळे हिरो डावखुरे दिसायचे. मामा म्हणतो, "डावखुरे दिसले तरी चालेल, पण सिनेमा सिनेमासारखा दिसला पाहिजे." हे वाक्य तो छातीवर हात ठेवून म्हणतो, आणि मी त्याची नक्कल करताना हात थोडा खाली, पोटावर ठेवते, कारण खरं तर तो तिथंच असतो.

रिटायर झाल्यावर मामाने मोठा टीव्ही घेतला आणि पहिल्याच दुपारी आवडता जुना सिनेमा लावला. पाच मिनिटांत उठून उभा राहिला.

"चंद्रभागा, हा सिनेमा नकली आहे."

"सिनेमा कसा नकली असेल?"

"अगं बघ की! माणसं लोणी लावल्यासारखी सरकतायत. ही हिरोईन आहे का कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे?"

मामी म्हणाली, "छान तर दिसतंय, स्वच्छ." त्या एका वाक्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

मग कस्टमर केअर. तिथली मुलगी म्हणाली, "सर, आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है." मामा म्हणाला, "खेद नको, बटण सांगा." तिने टीव्ही बंद करून परत चालू करायला सांगितलं. मामाने केला. माणसं सरकतच होती. शेवटी मामाने स्वतःच चष्मा कपाळावर चढवून मेनूची एकेक पायरी उतरत तो चोर पकडला. चित्र गुळगुळीत करायची एक सेटिंग असते. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं गोड नाव ठेवलंय, आणि ती चार खोल्यांच्या आत लपवलीय. मामाने ती बंद केली, सिनेमा परत सिनेमा झाला.

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. मामा निघाला जग दुरुस्त करायला.

शेजारच्यांचा टीव्ही केला. पेन्शनर मित्रांचे केले. दाताच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना वेटिंग रूममधला केला, आणि नंबर आला तेव्हा "एक मिनिट डॉक्टर, सेव्ह करतो" म्हणाला. शनिवार पेठेतल्या एका दुकानात तर भिंतभर टीव्ही लावलेले, सगळे गुळगुळीत. मामाने मालकाला विचारलं, "सिनेमा असा दिसतो का हो?" मालकाने वर न बघता सांगितलं, "आम्ही टीव्ही विकतो. सिनेमा थेटरात मिळतो." मामा रस्त्यात येऊन मला म्हणाला, "अक्षू, या पेठेत माणसाला उत्तर मिळतं, पण प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप होतो."

मामी म्हणते, "व्यसन असतं तर सोडवता आलं असतं. आणि बायकोने केस कापले ते यांना चार दिवसांनी दिसलं. टीव्हीतल्या बाईचं चालणं बरोबर दिसतं."

तर अशा माणसाला घेऊन आम्हाला खराडीला जायचं होतं. माझी मामेबहीण प्रियदर्शनी तिथल्याच एका आयटी कंपनीत आहे, आणि तिच्याच ऑफिसातला सलिल गजभिये तिला आवडतो. त्यालाही ती. घरच्यांनी एकमेकांना भेटायचं तेवढं राहिलं होतं. सलिलचे वडील नागपूरकडचे, पाटबंधारे खात्यात मोठे साहेब होते, आता मुलाजवळ, खराडीतच राहतात. सलिलनेच सांगून ठेवलं होतं, "बाबांना एकदा माणूस नाही पटला की नाही पटला."

प्रियाताईने मामाला समोर बसवलं. "पप्पा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एकच गोष्ट. त्यांच्या टीव्हीला हात लावायचा नाही."

"छे, मी कशाला लावू?"

"आणि बोलायचं पण नाही."

"बोलायचं पण नाही?"

"पप्पा!"

"बरं बाई. नाही बोलत."

तरी खबरदारी म्हणून मला बरोबर घेतलं. माझं काम एकच: मामाशेजारी बसायचं आणि त्याचा हात उठला की चिमटा काढायचा. जागाही ठरली होती, टीव्हीकडे पाठ करून.

पण आम्ही दारात "जय भीम" करतो न करतो तोच गजभियेसाहेबांनी मामाचा हात धरला. "या भाऊ, या! अजी तिकडे कुठं चालले? तुम्ही मुलीचे वडील, तुमची जागा इथं." आणि मामाला मधल्या खुर्चीत बसवलं, टीव्हीच्या बरोबर समोर. टीव्ही म्हणजे काय, भिंतच होती. मी मामाच्या खुर्चीच्या हातावर टेकले आणि बोटं तयार ठेवली.

तर्री-पोहे आले. सलिलच्या आई शालनताई मोठ्या प्रेमाने वाढत होत्या. गोष्टी छान सुरू झाल्या. शिक्षण, नोकरी, नागपूरचा उन्हाळा, पुण्याचं ट्रॅफिक. मग साहेब म्हणाले, "भाऊ, सलिल सांगत होता, तुम्हाले सिनेमाचा फार शौक आहे?" आणि रिमोट उचलला. प्रियाताईने माझ्याकडे बघितलं. मी मामाकडे बघितलं. मामाने पोह्यांकडे बघितलं.

आधी मॅच लावली. चेंडू सुळकन गेला. मामा मनापासून म्हणाला, "मॅच फार छान दिसते हो." खरंच दिसत होती. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

"मॅचचं सोडा, आता गंमत पाहा," साहेब म्हणाले आणि त्यांनी एक जुना काळा-पांढरा सिनेमा लावला. "इतका जुना सिनेमा, पण पाहा कसा लोण्यावानी चालते! जसा काल शूटिंग केला."

पडद्यावर हिरोची आई मरत होती. पण या टीव्हीवर ती मरतेय असं वाटतच नव्हतं, मरायची रंगीत तालीम चालू आहे असं वाटत होतं. हिरो धावत आला तो जमिनीवरून घसरत. त्याच्या हाताच्या कडेला पाण्यासारखं काहीतरी लहरत होतं. मामाच्या घशातून, गाडी रिव्हर्स घेताना होतो तसा बारीक आवाज यायला लागला. मी चिमटा काढला.

"कसं वाटून राहिलं भाऊ?"

मामा म्हणाला, "मोठा आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "खूपच मोठा आहे."

साहेब खूश झाले. म्हणाले, "चला, बाल्कनीतून या दोघांचं ऑफिस दाखवतो. इथून सलिल पायीच जाते." सगळे उठले. मामा गुडघा चोळत म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. अक्षू आहे इथं." मग मला म्हणाला, "जरा पाणी आण गं."

मी गेले. एवढीच माझी चूक. पाणी घेऊन आले तेव्हा रिमोट मामाच्या हातात, चष्मा कपाळावर, आणि मामा तिसऱ्या मेनूत.

"मामा! अहो काय करताय?"

"ओरडू नकोस. त्यांना कळणार पण नाही. नुसतं बरं वाटेल." त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतोय. बटण दाबलं. हिरोची आई मेली. नीट मेली. मामाने डोळे पुसले आणि रिमोट होता तिथं ठेवला.

बाल्कनीतून सगळे परत आले. पडद्यावर कॅमेरा झाडांच्या रांगेवरून वळत होता. साहेब दारातच थबकले.

"हे का झालं? टीव्ही अटकून राहिला!"

साहेबांनी टीव्हीच्या मागची वायर हलवली, स्क्रीनवर हलकेच थापट मारली. "ते झाडं पाहा, झटके देऊन राहिले. सलिल! तू काल रात्री त्या वायफायचं काय करून राहिला होता?"

"मी कशालाच हात लावला नाही, बाबा."

"मग काय माझ्या आत्म्याने लावला? प्रत्येक गोष्टीत खुडबूड करायची सवय आहे तुला. पाहुणे घरी आहेत आणि टीव्ही मोडून ठेवला!"

सलिलची मान खाली गेली. होणाऱ्या सासरच्या लोकांसमोर बोलणी खाणं म्हणजे काय ते त्याच्या कानांवरून कळत होतं, दोन्ही लाल. प्रियाताईला पहिल्याच नजरेत सगळं समजलं होतं. ती वडिलांकडे बघत होती, आणि तिची नजर स्पष्ट सांगत होती: गप्प बसा. मामा गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. कंपनीचा माणूस आला असता, एक बटण दाबून गेला असता.

मामा उभा राहिला. "त्याला बोलू नका साहेब. मी केलं."

"तुम्ही? काय केलं?"

आणि मग मामा सुरू झाला. सुरू झाला की तो थांबत नाही. "साहेब, सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. तुमचा टीव्ही त्याहून कितीतरी जास्त दाखवू शकतो. मग रिकाम्या जागी तो काय करतो, तर दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या मनानं बनवून घालतो. अंदाजानं! म्हणजे बघा, नवरी उखाणा घेतेय, आणि दोन ओळींच्या मधे शेजारची बाई आपली एक ओळ घुसवतेय. उखाणा लांबतो, पण तो तिचा राहतो का? मॅचला चालतं, तिथं चेंडू पळतो. सिनेमातल्या माणसाला कशाला—"

"थांबा." साहेबांचा आवाज एकदम सरकारी झाला. "म्हणजे तुम्ही माझ्या घरात आले, आणि मला न विचारता माझ्या टीव्हीची सेटिंग बदलवली?"

"तसं नाही, पण—"

"आज टीव्हीची बदलवली. उद्या माझ्या घराची बदलवाल."

मामीने पदर तोंडाला लावला. प्रियाताई इतकी स्तब्ध उभी होती की मला त्या क्षणी कुणाचीच नक्कल सुचली नाही. साहेबांनी रिमोट उचलला आणि शोधून शोधून, तोंडाने "कुठं ठेवलं ते" म्हणत, सेटिंग परत चालू केली. हिरो परत घसरायला लागला.

"अरे, थांबा हो!"

या शालनताई होत्या. हातात पोह्यांचं भांडं तसंच. त्या पडद्याकडे बघत होत्या. "आता ती बाई खरी वाटून राहिली होती. तुम्ही परत खोटी केली."

"तुला काय समजते त्यातलं?"

"मला एवढंच समजते की टीव्ही आणल्यापासून सिनेमा पाहिला की माझं डोकं दुखते. मी म्हणत होती, यातले लोक अंगात आल्यावानी चालतात. तुम्ही म्हणे, चष्मा बदलव. बदलवला! परत म्हणे, डॉक्टर बदलव!"

"तुझे डोळेच—"

"माझ्या डोळ्याचं नाव काढू नका पाहुण्यांसमोर!"

"चित्र साफ दिसून राहिलं ना पण?"

"साफ दिसते, खरं नाही दिसत!"

आता भांडण त्यांचंच लागलं. मामा आशेनं मधे बोलायला गेला, मी त्याला अख्ख्या हातानं चिमटा काढला. तारखेचा विषय कुणी काढलाच नाही. आम्ही "बरं, येतो" म्हणालो, ते "हो, या" म्हणाले.

कॅबमध्ये मामा पुढं, आम्ही तिघी मागं. प्रियाताई खिडकीकडे बघतच म्हणाली, "एकच गोष्ट मागितली होती, पप्पा."

"अगं, तो पोरगा उगाच बोलणी खात होता."

"ते कबूल केलंत ते बरोबर केलंत. मी ते विसरणार नाही. पण आधी हात का लावलात? का?"

मामाची मान सीटच्या वर दिसायची, तीही खाली गेली. मामी म्हणाली, "आता घरचाच टीव्ही विकते मी. जयंतीच्या मंडळाला देते. कापड बांधा आणि मागं जाऊन बसा."

येरवड्याच्या सिग्नलला प्रियाताईचा फोन वाजला. सलिल. तिने स्पीकर लावला. "प्रिया, आईला बोलायचंय." मागून साहेबांचा आवाज येत होता, "लग्नाले मी कुठं नाही म्हटलं? मी टीव्हीचं बोललो होतो!"

"चंद्रभागाताई," शालनताई म्हणाल्या, "पोरगी आम्हाले पसंत होतीच. आणि आमच्या पोराला बसणारी बोलणी स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस यांनाही पसंत आहे, तोंडाने म्हणणार नाहीत. तारीख आपण दोघी ठरवू. बरं, भाऊ आहेत का तिथं? यांनी ते परत चालूच ठेवलं आहे. कुठून बंद करायचं?"

मामा सीटबेल्ट ताणून मागं वळला. "ताई, आधी सेटिंग. मग पिक्चर. मग खाली या, खाली, अजून खाली—"

"अहो!" मामी ओरडली. "पोरीच्या लग्नाचं चाललंय! आधी महिना तरी विचारा कुठला!"

मामाने हात वर केला. "थांब गं जरा. त्या मेनूत आत गेल्यात."