गुंजआबांचे यंत्र

गुंजआबा कोणाच्याही वजनावर विश्वास ठेवत नसत, माझ्याही नाही. नेकनूरच्या बाजारात माझे किराण्याचे दुकान होते आणि माझी सगळी वजने कचेरीचा शिक्का मारलेली होती. तरी हिंग घ्यायला आले की आबा कनवटीची कापडी पिशवी सोडत, तिच्यातल्या लाल-काळ्या गुंजा माझ्या लहान तराजूत टाकत आणि पारडी स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसत. "शिक्का लोखंडावर हाय, बापू," म्हणत. "लोखंड झिजतं, शिक्का तसाच राहतो." गुंजाही निवडलेल्या असत. एका वेलीच्या, एका हंगामाच्या. किडकी एक नाही, सुरकुतलेली एक नाही. सोनाराकडेही इतक्या सारख्या गुंजा मी पाहिल्या नाहीत. तोंडावर सगळे त्यांना आबा म्हणत आणि माघारी गुंजआबा. त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

त्यांचे घर आणि माझे घर एका भिंतीचे. मी तेव्हा नुकताच संसाराला लागलो होतो, आता केस पिकले. हे लिहून कोणाचे भले होईल असे मला वाटत नाही. ज्यांना याचा उपयोग झाला असता ती माणसे उरली नाहीत, आणि ती असताना हे लिहिण्याची मला बंदी होती.

गुंजा होत्या बंदुकीची दारू तोलायला. आमच्या गावामागे बालाघाटाचा डोंगर. शाळू पोटरीत आला की रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत पट्टीच्या पट्टी आडवी करून जात. आबांकडे कचेरीचा परवाना आणि दोन नळ्यांची बंदूक होती. तयार काडतुसे हैदराबादेहून येत; थोडी येत आणि बहुधा सुगी उरकल्यावर येत. म्हणून आबा पितळेची रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरत. बुडाची ठिणगी देणारी जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू तोलून घालायची, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती दाबायची, मग शिशाचे छर्रे, मग पुठ्ठा आणि मेण. त्यांचे एक काडतूस भरून होईपर्यंत माझी बायको घरच्या सगळ्या भाकरी थापून मोकळी होई.

लोक टोमणे मारत. "आबा, डुकरं जेवून हात धुवून गेली, तुमी अजून तोलतायच."

"जाऊ द्या की. उद्या उपाशी राहत्यात व्हय ती?"

एकदा मात्र एकाने फार घाई लावली, तेव्हा आबांनी तराजू खाली ठेवला. "ही नळी माझा नाथा गालाला लावतो," ते म्हणाले. "तू न्हाई लावत." नाथा त्यांचा एकुलता एक, उशिरा झालेला मुलगा. आबांची लांबची नजर अधू झाल्यापासून बंदूक तोच चालवी. त्या दिवशी मला कळले की आबा दारू तोलत नव्हते, नाथाचा जीव तोलत होते. त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही.

आबांची बायको म्हणजे आमच्या काकी; त्यांचा स्वभाव नेमका उलटा. त्यांच्या हातून सपाट माप कधी निघाले नाही. खळ्यावर सुतार, लोहार, परीट आले की काकी धान्याच्या अधोलीवर ओंजळी-ओंजळीने शीग चढवत, दाणे चारी बाजूंनी ओघळेपर्यंत. "काठोकाठ माप द्यायला आपण काय दुकानदार हाव?" असे माझ्याकडे बघून म्हणत आणि पदराआड हसत. आबा म्हणत, "हिच्या हातात तराजू दिला तर दोन्ही पारडी खाली जात्याल." एवढ्या उलट स्वभावाची दोन माणसे इतक्या सुखाने नांदताना मी दुसरी पाहिली नाहीत.

पुढे आबांच्या हाताला कंप सुटला. आधी उजव्या, मग डाव्या, मग मानेलाही. तराजू हातात स्थिर राहीना. दारू पाटावर सांडायची, आणि आबा ती पिसाने गोळा करून पुन्हा तोलायला घ्यायचे. एका दुपारी त्यांनी सगळे साहित्य फडक्यात बांधले आणि भिंतीवरून मला हाक मारली. "बापू, हे बंद. हात खोटं बोलाय लागलाय." मी म्हटले, नाथाला भरू द्या. "नाथा शिट्टी वाजवत भरंल," आबा म्हणाले, आणि ते खरेच होते. नाथाची नेमबाजी चांगली, पण धीर नव्हता.

तशात हैदराबादच्या एका बंदूकवाल्याकडून चित्रांचे पुस्तक आले. त्यात काडतुसे भरायची विलायती यंत्रे होती. दोन आबांच्या मनात भरली. एक साधे: एक दांडा, आणि एका वेळी एकच अवजार लागणारे, टोपी काढायची तर एक अवजार आटे फिरवून बसवायचे, चकती दाबायची तर ते काढून दुसरे. दुसऱ्याला वर एक गोल डोके होते. सगळी अवजारे त्या डोक्यात कायमची बसवलेली. डोके फिरवले की पुढचे अवजार आपोआप दांड्याखाली येई. आबा ते पुस्तक घेऊन रोज माझ्या ओट्यावर येत. मी दोन्हींचे गुणदोष मांडून दिले आणि माझे मत सांगितले: साधे घ्यावे, जितके भाग कमी तितकी झीज कमी.

"बरोबर हाय," आबा म्हणाले. "पण दर खेपेला आटे सोडा, आटे बसवा. ते ह्या हातांनी?"

"काकी बसवतील."

"तिला आटे जमायचे न्हाईत. दांडा जमंल. जन्मभर जातं ओढलंय तिनं."

तरी निव्वळ चित्रावरून घेतील तर ते आबा कसले. बीडला एका निवृत्त रिसालदारांकडे फिरत्या डोक्याचे यंत्र आहे असे कळले. आम्ही छकडा जुंपून गेलो. रिसालदारांनी चहा दिला, आणि आबांनी चहा निवू दिला. डोके फिरवून त्यांनी विचारले, "फिरतं ते दिसलं. पण थांबतं का जागेवर?"

"विलायती माल है मियाँ," रिसालदार म्हणाले, "हिलेगा कैसा?"

"साहेब, मी बी चांगलाच माल होतो. हलाय लागलोच की."

रिसालदार हसले, पण आबा हसले नाहीत. त्यांनी धोतराचा एक दोरा काढून डोके आणि खांब यांच्या फटीत घातला, मला दांडा दाबायला लावला, आणि दोरा कुठे अडकतो ते बघत राहिले. डोके किंचित हलत होते. मला वाटले, आता हा बेत संपला. पण आबांनी पुन्हा पुन्हा बघितले आणि म्हणाले, "दर खेपेला एकाच बाजूला हलतंय. मंग चालंल. ती त्याची खोड हाय. कवा हिकडं कवा तिकडं हललं असतं तर ते लबाड." परतताना छकड्यात ते नाथापेक्षा लहान झाले होते. वाटभर हाताने हवेत दांडा ओढत होते.

यंत्र रेल्वेने जालन्यापर्यंत आले आणि पुढे बैलगाडीने. बाभळीच्या फळीवर ते ठोकून बसवले. त्यासोबत बिनधुराची नवी दारू आणि ती मोजायला पितळेचे एक लहान माप आले होते. म्हणजे आता तोलायचे कारण नव्हते. नव्या दारूला आबा भीत; ती चिमूटभर जास्त झाली तरी नळी फुटते, असे त्यांनी ऐकले होते. "काळी दारू शिव्या देऊन मारती, ही गप बसून मारती," म्हणत. म्हणून मापात दारू घेऊन, पुठ्ठ्याच्या कडेने सपाट करून, त्यांनी ती माझ्या हातातल्या तराजूत गुंजांनी तोलून बघितली. बरोबर भरली. पुठ्ठा काकींच्या हातात देऊन म्हणाले, "हे वरून फिरवल्याबिगर पुढं जायचं न्हाई." काकी म्हणाल्या, "वाण्याच्या शेजारी राहून तुमी बी वाणी झालाव." पण पुठ्ठा फिरवला.

तो हिवाळा त्या घराचा सर्वांत चांगला. काकी दांडा ओढत, आबा शेजारी बसून डोके बघत, "हं, फिरीव," म्हणत. नाथा शिट्टी वाजवत रिकामी काडतुसे पुसून देई. शिवारात डुकरे पडली, शाळू उभा राहिला. नाथाचे लग्न तलवाड्याच्या मुलीशी ठरत आले होते.

पुढच्या हंगामात आबा हिवतापाने अंथरुणाला खिळले. नेमकी तेव्हाच डुकरे उतरली. काकींनी एकटीने बसून काडतुसे भरली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना नाथा राखणदारांबरोबर रानात गेला. मी ओट्यावर दिवा पुसत होतो. बार ऐकू आला, आणि तो नेहमीचा आवाज नव्हता. राखणदारांनी नाथाला घोंगडीत घालून आणले. बंदुकीची नळी मुळाशी फुटली होती. बीडला नेताना तो वाटेतच गेला.

दहन झाल्यावर सकाळी आबांनी मला आत बोलावले. काकी परसात बायकांच्या गराड्यात होत्या. आबांच्या अंगात अजून ताप होता. त्याच खेपेची उरलेली काडतुसे त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी चाकूने मेण काढून दारू बाहेर ओतली आणि तराजू धरला. पहिल्यातली जास्त भरली. दुसऱ्यातली जास्त. तिसऱ्यातलीही. मग आबा म्हणाले, "आता मापात वत." मी ओतली. माप काठोकाठ भरले आणि वर दारूची लहानशी टेकडी उभी राहिली.

"शीग," आबा म्हणाले. तेवढेच.

थंडीवाऱ्यात रानात जाणाऱ्या माणसांना बार कमी पडू नये, एवढेच काकींच्या मनात आले असणार. आयुष्यभर त्यांनी ज्याला द्यायचे त्याला तसेच दिले होते.

"बापू, तिला कळलं तर ती जगायची न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी ती सगळी दारू मला परसाकडे नेऊन पाण्यात कालवायला लावली, आणि मी ती कालवली.

दुपारी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब चौकशीला आले. काडतुसे कोणी भरली असे त्यांनी विचारले. दाराआडून काकींचा आवाज आला, "यंत्रावर मीच बसले होते, साहेब."

"तिनं भरली ती मी उकलली," आबा मोठ्याने म्हणाले. "मला भरवसा वाटंना. सकाळी ताप उतरल्यावर मी माझ्या हातानं पुन्हा भरली."

अमीनसाहेबांनी त्या हातांकडे बघितले आणि पुढे काही विचारले नाही. गावालाही विचारावेसे वाटले नाही. माझ्या शिक्क्याच्या वजनांवर ज्यांचा विश्वास नव्हता, ते बायकोच्या हातावर ठेवणार नाहीत, हे कोणालाही पटण्यासारखे होते. काकींना तर ते सर्वांत आधी पटले. दाराआड बांगड्या वाजल्या, मग पावले परसाकडे गेली.

परवाना रद्द झाला, बंदूक कचेरीत जमा झाली. काकी त्या दिवसापासून आबांशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाणी ठेवत, आणि आतल्या खोलीत जात. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या हाताचं ठेवलं असतं तर माझा नाथा असता." बायकोने ते मला सांगितले. मी तिलाही काही सांगितले नाही.

आबा दिवसभर ओट्यावर बसत. संध्याकाळ झाली की भिंतीपाशी येऊन एकच विचारत, "बापू, ती जेवली का? घरात बघून ये म्हणावं तुझ्या बायकोला." माझी बायको जाऊन येई आणि सांगे. कधी काकी जेवलेल्या असत, कधी नसत. नसल्या तरी आम्ही जेवल्या म्हणून सांगत असू. मी दोनतीनदा त्यांना म्हटले, आबा, आता सांगून टाका, हे असे किती दिवस. ते म्हणाले, "माझ्यावर रागावून ती उभी हाय. तेवढा राग काढून घेतला तर कशावर उभी राहील?" आबांनी बरे केले की वाईट, हे मला कधी ठरवता आले नाही, आणि ठरवून आता कोणाला काही मिळायचे नाही.

आबा गेले ते उन्हाळ्यात, भर दुपारी. शेजारी मीच होतो. काकी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, निघूनही गेल्या नाहीत. सगळे आटोपल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"बापू, शेवटी काही बोलले का?"

मी म्हटले, "तुमी जेवलाव का, ते विचारलं."

काकी भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मग काय सांगितलंस?"

"जेवल्या म्हणून सांगितलं."

"खोटं सांगितलंस," काकी म्हणाल्या.