चौथी शाल

पेणची आमची संस्था मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आधार देते. मी तिचा सचिव, त्यामुळे आधार म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे: शाल, नारळ आणि तीन भाषणं.

रोह्यात एक गृहस्थ होते. केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे आणि उरलेल्या वेळात वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. बदलत कुणीच नव्हतं म्हणा! काही अडलं की कोलाडपासून वडखळपर्यंतचे ग्रंथपाल थेट ह्यांनाच फोन लावायचे, मग हे जेवत असोत की झोपलेले.

त्यांचं पत्र आलं. 'माझ्याने एकट्याने आता होत नाय. कोड समजणारा एक माणूस द्या, नायतर मी बंद करतो.'

आम्ही तातडीने, म्हणजे पंधरा दिवसांत, सभा घेतली. अध्यक्ष गहिवरले. "माणूस खचलाय हो. सत्कार करूया!" गेली तीन वर्षं असंच पत्र यायचं आणि तीन वर्षं आम्ही असाच सत्कार करायचो. परंपरा मोडायची कशी? ठराव मीच लिहिला.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सहा जण रोह्याला त्यांच्या घरी थडकलो. संगणकावर धूळ बसू नये म्हणून गेल्या वर्षीची शाल पांघरली होती. चला, एक तरी कामी आली. अध्यक्षांच्या भाषणात त्यांचा फोन तीनदा वाजला, तर अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या.

चहा देताना त्यांच्या बायकोने विचारलं, "माणूस नाय मिळाला का?"

"शोध चालू आहे," अध्यक्ष म्हणाले.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही पुण्याला सॉफ्टवेअरच लिहायचात ना? रविवारचे दोन तास बसा माझ्यासोबत. तेवढ्यावर मी चालू ठेवतो."

चार वर्षांत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मी मुकाट बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं ते हेच: "बघू, संस्थेच्या कामातून सवड मिळाली तर."

ते चिडले नाहीत. मोबाईल काढला आणि माझ्यादेखत सगळ्या ग्रंथपालांना निरोप धाडला, आजपासून बंद. मग म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."