गुराबीवरचा झेंडा

शाळेच्या आवारात कचरा पेटवायचा असो की सतरंजी झटकायची, काका आधी वाकून चिमूटभर माती उचलायचे, हात उंच करून सोडायचे आणि ती कुठे जाते ते बघत म्हणायचे, "पह्यले वारा पाहा, मंग काम करा."

काका म्हणजे सोनाळ्याच्या आमच्या शाळेचे शिपाई. तरुणपणी, गावात थ्रेशर यायच्या आधी, खळ्यावर तिवईवर उभं राहून त्यांनी कितीतरी घरांचं धान्य उपणलेलं. टोपलीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं, दाणा खाली पडतो, भुसा उडून दूर जातो. वारा चुकला की सगळा भुसा डोळ्यांत.

मी तिथे चित्रकला शिकवतो. मुलांनी आरमार फक्त पुस्तकात वाचलेलं, म्हणून गुराबीची, म्हणजे मराठ्यांच्या शिडाच्या लढाऊ जहाजाची, दोन फुटी प्रतिकृती करायला घेतली. सागवानाच्या पट्ट्या, मांजरपाटाची शिडं, रिकाम्या रिफिलींच्या तोफा. दीड वर्ष लागलं. बायको म्हणायची, त्या जहाजात बसून एकदाचे निघून तरी जा.

जहाजाच्या उद्घाटनाला नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब येणार होते. आदल्या दिवशी काका टेबल पुसायला आले आणि जहाजापुढे फडकं धरून उभेच राहिले.

"सर, याले वारा कोनीकडून येऊन राह्यला?"

"मागून. शिडं पुढे फुगलीत, दिसत नाही का?"

"हाव. मंग झेंडा काऊन मांगं उडून राह्यला?"

दोन शिक्षक शेजारी उभे होते. मला झोंबलं. "काका, तुम्ही समुद्र पाहिलाय का कधी?"

"नाई पाह्यला," काका शांतपणे म्हणाले. "वारा पाह्यला." आणि टेबल पुसून निघून गेले.

मधल्या सुट्टीत मी ऑफिसातला टेबलफॅन गुपचूप उचलून आणला, जहाजाच्या मागे ठेवला आणि काठीला एक चिंधी बांधली. चिंधी सरळ पुढे उडाली. मी झेंडा लावला होता तो मोटारीवर उडतो तसा. जहाजाला तर वाराच ढकलत नेतो, मग झेंडा वाऱ्याच्या उलट जाईल कसा? एवढं साधं मला दीड वर्षात सुचलं नव्हतं.

झेंडा गोंद लावून कडक केलेला, डोलकाठीला घट्ट चिकटलेला. काढताना काठी मोडली असती तर शिडं, दोऱ्या सगळंच खाली आलं असतं. मी काकांना शोधून आणलं आणि चुकलो म्हणालो. ते म्हणाले, "धरतो मी. तुमी काढा." पाऊण तास त्यांनी ती काठी चिमटीत धरली. हात जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जहाजाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "झेंडा बरोबर लावलात. भलेभले इथे चुकतात." मी काकांना पुढे ओढलं. "ही यांची नजर."

साहेबांनी आदराने विचारलं, "कोणत्या बंदरावर होतात आपण?"

"खळ्यावर होतो, साहेब."

साहेब खळखळून हसले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. नंतर मी काकांचे आभार मानले, तर म्हणाले, "काऊन? काठीच तर धरली." त्यांनी माझी लाज राखली आणि मी त्यांना दुखावलं होतं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. त्या उपकाराची मला अजून आठवण येते.

जहाज शाळेत आहे. नवा विद्यार्थी हटकून म्हणतो, सर, झेंडा उलटा आहे. मग मी त्याला मैदानात नेतो आणि वाकून माती उचलतो.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. चिता पेटली तेव्हा आम्ही शाळेतले सगळे एका बाजूला उभे होतो आणि धूर थेट आमच्या तोंडावर येत होता. सगळे डोळे चोळत होते, पण जागचं कोणी हलत नव्हतं. सांगणारा माणूसच नव्हता ना. शेवटी मी वाकलो, चिमूटभर माती उचलून वर सोडली आणि सगळ्यांना पलीकडे घेऊन गेलो.

तिथे धूर नव्हता. डोळ्यांचं पाणी मात्र थांबलं नाही.