घोरपडीच्या डोक्यात

मी कवळ्या बनवते. सोलापुरात एका डेंटल लॅबमध्ये गेली अकरा वर्षं हेच काम. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, मेणात दात बसवायचे, मग ॲक्रिलिक घासत बसायचं. दिवसभर लोकांची तोंडं माझ्या टेबलावर असतात, पण माणसं कधी दिसत नाहीत. हे काम मला आवडतं. पण माझं मन खरं रमतं ते कॉमिक्समध्ये.

लहानपणी वडील रद्दीच्या दुकानातून किलोवर जुनी कॉमिक्स आणायचे. आम्ही शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. मराठी वाचायला शिकायच्या आधीच मी चित्रं वाचायला शिकले. मोठी झाल्यावर स्वतःच काढायला लागले. माझ्या कॉमिकमधली बाई अर्धी घोरपड आहे. किल्ल्याच्या खंदकात राहते, बंद गिरण्यांच्या भिंतींवर सरसर चढते आणि कुणालाही भीत नाही. फोनवर दर रविवारी एक पान टाकायचे. शे-दीडशे लोक वाचायचे, त्यातले निम्मे नात्यातले.

एकदा मी आणि माझी वहिनी पुण्याला मोठ्या कॉमिक मेळ्याला गेलो होतो. वहिनीला मी वदिना म्हणते, तेलुगूत तसंच म्हणतात. तिला कॉमिक्समधलं काही कळत नाही, पण मी जिथं जाईन तिथं ती डबा घेऊन येते. तिथं लोक आवडत्या पात्रांचे पोशाख घालून फिरत होते. पंखवाले, शिंगवाले, पत्र्याचे वाटणारे. दिवसभर वदिनाने तोंडावरचा पदर काढला नाही, इतकी हसत होती. मी मात्र शिवणी बघत होते. हे कसं चिकटवलंय, ते कुठून उघडतं. परतीच्या गाडीत तिला म्हटलं, "मी घोरपड करणार."

"कर की," ती म्हणाली. "पण आईंना सांगू नको."

पुढच्या वर्षी सोलापुरातल्याच काही पोरापोरींनी एक छोटा मेळा ठरवला. एप्रिलच्या शेवटी, लग्नाच्या तारखा नव्हत्या म्हणून रिकामं मिळालेलं एक मंगल कार्यालय. मला तीन महिने मिळाले. माडीवरच्या खोलीत बसून मी फोमच्या शीटचं डोकं केलं. एकेक खवला कापला, रंगवला, चपला चिकटवायच्या सोल्युशनने बसवला. डोळे नुसते रंगवलेले होते. बाहेर बघायचं ते घोरपडीच्या उघड्या तोंडातून, तिथं काळी जाळी लावली. नाकपुड्यांना भोकं पाडली आणि टाळूला बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बसवला. डोकं मागून उघडायचं, मानेपासून टाळूपर्यंत वेल्क्रोची पट्टी होती. हातमोज्यांना ॲक्रिलिकच्या नख्या लावल्या, लॅबमध्ये उरलेल्या मालाच्या. मोजे बाहीला शिवून टाकले, म्हणजे मनगट दिसायला नको.

मेळ्याच्या दिवशी सकाळी घालून फोटो काढला, तर मागची वेल्क्रोची फट दिसत होती. मला ते सहन होईना. खवल्यांची एक लांब पट्टी कापली आणि फटीवर लावली. एका बाजूने सोल्युशन, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उचलता येईल. वदिना म्हणाली, "वाळू तर दे." मी म्हटलं, "रिक्षात वाळेल." सोल्युशन जरा जास्तच लागलं होतं, ते मला दिसलं होतं. मी पुसलं नाही.

पहिला अर्धा तास मी जितकी खूश होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. कार्यालयात जेवणाच्या टेबलांवर कॉमिक्स मांडली होती, भिंतींना दोऱ्या बांधून चित्रं लटकवली होती. समोशांचा वास होता. कुठल्याशा कॉलेजची मुलं मूळ पानं घेऊन बसली होती, पेन्सिलीच्या रेघा न पुसलेली, आणि मी जाळीतून त्या रेघा बघत एकेका टेबलाशी उभी राहत होते. एक जण चक्क ओरडला, "अरे, ही ती खंदकातली घोरपड!" माझ्या पात्राला ओळखणारा, नात्यात नसलेला माणूस! घामाने मी न्हाऊन निघाले होते, पण ते जाणवत नव्हतं. तेवढ्यात वदिनाला घरून फोन आला. आत रेंज नव्हती. "पाच मिनिटांत आले," म्हणून ती बाहेर गेली.

ती गेली आणि लगेच माझा नंबर पुकारला.

पोशाखांची स्पर्धा होती, नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर आम्ही एकेकाने चालून दाखवायचं होतं. दोन बाजूंना व्हिडिओवाल्यांचे दिवे होते. मी वर गेले, नख्या फिरवल्या, मान वळवली. आणि टाळूवरचा पंखा बंद पडला.

त्याचा आवाज थांबला तेव्हा कळलं की इतका वेळ मी त्याच्याच जिवावर होते. आत माझाच श्वास राहिला, ओला आणि सोल्युशनच्या वासाचा. घाम डोळ्यांत गेला, पुसता येईना. म्हटलं, घाबरू नको, खाली उतर, वेल्क्रो काढ. चार पायऱ्या होत्या. उतरले. हात मागे नेले. नख्या खवल्यांवरून घसरल्या. पट्टीची मोकळी बाजू सापडेना. सापडली तेव्हा ती मोकळी नव्हती. उन्हाने आणि दिव्यांच्या धगीने मऊ झालेलं सोल्युशन पसरून दोन्हीकडे धरलं होतं, आणि माझे केसही त्यात अडकले होते. ओढलं की डोक्याची कातडी ओढली जात होती.

मी ओरडले, "काढा! कुणीतरी काढा!" तो आवाज फोमच्या आतच फिरला आणि माझ्याच कानांवर आदळला. बाहेर मोठ्या स्पीकरवर गाणं चाललेलं. मी गळ्याशी नख्या मारायला लागले.

माइकवरचा मुलगा म्हणाला, "बघा बघा, घोरपड चवताळली! काय ॲक्टिंग आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. लोकांनी गोल केला. जाळीतून मला चेहरे दिसत नव्हते, फक्त फोन दिसत होते, वर धरलेले. मी एकाच्या दिशेने हात पसरले तर तो हसत मागे सरला. दुसऱ्याकडे गेले, तोही मागे सरला. दोन पोरं माझी नक्कल करत गळा धरून झोकांड्या खात होती. मी जितकी धडपडत होते तितके लोक वाढत होते. मला वाटलं, मी इथं पडेन आणि हे टाळ्या वाजवतील. मग कधीतरी वदिना येऊन विचारेल, ही उठत का नाही. हा विचार आला आणि मी वाट फुटेल तिकडे धावले. एका टेबलाला धडकले. पुस्तकं पडल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "घोरपडीला ऊन लागलं वाटतं!" पुन्हा हशा.

त्या हशात एक लहान मुलगी रडायला लागली. अगदी जवळ, भोकाड पसरून. डोक्यावर ओढणी घेतलेली तिची आई तिला कडेवर घेऊन थेट माझ्यासमोर आली. मुलीची भीती घालवायची होती तिला.

"देख, अंदर आदमी है. डरना नै. हात लगा, हात लगा."

मुलीचा हात घोरपडीच्या नाकाला लागला. तेवढ्यासाठी ती बाई वाकली होती, तिचा कान जाळीपासून वीतभर असेल. मला मराठी आठवेना. हिंदी तर नाहीच. तोंडून निघालं ते घरचं.

"दम्मु आडतलेदु! दम्मु आडतलेदु!"

श्वास घेता येत नाही, एवढंच मी म्हणत होते. तिला तेलुगू येत नव्हतं. पण दम तिच्याही बोलीत दमच होता.

"दम? दम नै आरा क्या?"

मी ते जड डोकं वरखाली हलवलं. तिने मुलीला खाली ठेवलं आणि असा आवाज काढला की गाण्याच्या वर गेला.

"अरे तालियां क्या बजारे! इनकू दम नै आरा! खोलो इसको!"

गोल तसाच उभा राहिला, पण हशा थांबला. ती एकटीच पट्टी ओढायला लागली. केस उपटले जात होते, मी किंचाळत होते. मग शेजारच्या टेबलावरचा चित्रकार आला. तो स्वतःची चित्रं कापून विकत होता, त्यामुळे त्याच्या हातात कटर होता.

"ताई, आता हलू नका," तो म्हणाला. "अजिबात हलू नका."

त्याचा आवाज कापत होता. मी गुदमरत होते, सगळं अंग उसळत होतं, आणि मानेवर पातं होतं. आजवरच्या सगळ्या भीतीत ती भीती वेगळी. धडपडावं तर पातं लागेल, न धडपडावं तर श्वास नाही. त्या बाईने माझे दोन्ही हात धरले, नख्यांसकट, घट्ट.

"गिनो," ती म्हणाली. "मेरे साथ गिनो. एक. दो."

मी आतून मोजत होते. पात्याची करकर थेट कवटीत ऐकू येत होती. मानेवर काहीतरी गरम ओघळलं, वाटलं, झालं, कापलं. तो घाम होता. अकरा म्हणाल्यावर पहिली हवा आली. मानेमागून, बारीकशी. चौदाला डोकं मधोमध फाटलं आणि माझ्या केसांचा एक झुपका घेऊन पुढे निघालं.

मी जमिनीवर बसले आणि उलटी केली. कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवला. त्या बाईने माझ्या डोक्यावर बाटली ओतली, ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. मुलगी रडायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"अम्मी, ये तो बाजी है," ती म्हणाली. बाजी, म्हणजे ताई.

वदिना आली तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते. तिने आधी माझ्या नाकाखाली बोट धरून बघितलं, मी डोळे उघडे ठेवून बसले होते तरी. मग तेलुगूत मला इतकं बोलली की काही लोक लांब जाऊन उभे राहिले. बोलता बोलता रडली. वळून त्या बाईचे हात धरायला गेली, तर ती मुलीला घेऊन निघून गेली होती. कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं.

माइकवरचा मुलगा आला. वीसेक वर्षांचा असेल, पांढराफटक पडला होता. "ताई, सॉरी. आम्हाला खरंच वाटलं की तुम्ही…" त्याने हात पुढे केला. हातात खोकं होतं. परीक्षकांनी मला आधीच पहिलं बक्षीस देऊन टाकलं होतं, अभिनयासाठी. वदिना म्हणाली, "ठेवा तुमच्याकडेच." मी घेतलं. आत शाईच्या पेनांचा संच होता, मी कित्येक दिवस दुकानात बघून ठेवलेला.

मला वाटलं, चार दिवसांत विसरेन. सोमवारी लॅबमध्ये ॲक्रिलिक घासायला बसले, धुळीचा मास्क तोंडावर चढवला आणि स्टूल मागे पाडून रस्त्यावर पळाले. रस्त्यात उभी राहून तोंड उघडून श्वास घेत होते, लोक बघत होते. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधता येईना. हेल्मेट तर सोडाच, मी बसने जायला लागले. आंघोळीत तोंडावरून पाणी ओघळलं तरी हात गळ्याशी जायचा. लॅबचे मालक भले, त्यांनी मला मेणकामावर ठेवलं, पण घासायला दुसरी कुणी नव्हती, आणि त्यांची अडचण मला दिसत होती. नोकरी जाईल ही भीती त्या भीतीवर बसली.

वदिनाने उपाय काढला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ती माझ्यासमोर बसायची, माझ्या नाकावर ओला हातरुमाल धरायची आणि स्वतः मोजायची. तीनला मी तिचा हात झटकायचे. ती पुन्हा धरायची. पावसाळा संपता संपता मी साठपर्यंत पोचले. आता मास्क लावून घासते, दर थोड्या वेळाने उठून दाराशी जाते. मालकांनी माझं टेबलच दाराजवळ हलवलं.

चित्रं पाच महिने काढली नाहीत. मग बक्षिसातल्याच पेनाने एक पान काढलं. घोरपड गिरणीच्या धुराड्यात अडकलीय आणि घाबरलीय. खाली एकाने लिहिलं, "ही तर कुणालाच भीत नव्हती ना?"

पुढच्या वर्षी मेळा पुन्हा झाला. मी पोशाख केला नाही. माझी पानं घेऊन एका टेबलाशी बसले, शेजारी वदिना डबा घेऊन. ओढणी घेतलेली प्रत्येक बाई मी निरखून बघत होते. ती दिसली नाही. पण पोशाख घातलेला कुणी जवळून गेला की मला बसवत नव्हतं. उठायचे, त्याच्या मुखवट्याशी तोंड नेऊन विचारायचे, "हवा येतेय ना आत? बरं वाटतंय ना?" बहुतेक जण मान हलवायचे. काही जण हसायचे. वदिना दर वेळी माझा कुर्ता ओढून खाली बसवायची.

दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक प्रचंड यंत्रमानव टेबलासमोर येऊन थांबला. डोळ्यांच्या जागी दोन बारीक फटी, बाकी सगळं बंद. मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. त्याला हात लावून हलवलंही.

आतून वैतागलेला आवाज आला, "ओ ताई, फोटो काढायचा असेल तर काढा, न्हाईतर सरका की बाजूला!"

वदिना तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं. मी बाजूला सरकले. पण तो तिथून हलला तशी त्याच्या मागोमाग गेले, दोन हात अंतर ठेवून, आणि तो पाण्याच्या पिंपाशी जाऊन डोक्यावरचं खोकं उतरवेपर्यंत मागेच उभी राहिले.