कुंपणावरची माटोळी

पणजीच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला तेव्हा पलीकडे सुलभामावशी होत्या, आमच्या वाड्यावरच्या शेजारीण. आधी नुसतंच "बाये... बाये..." म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचो काका गेलो गो." बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या 'तुझो' म्हणाल्या नव्हत्या. तो 'आमचो' ऐकायला काका हवे होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी दोडामार्गाहून डिचोलीला आले, एका खाणीच्या ऑफिसात कारकुनी केली, लग्न केलं नाही. इंग्रजी शाळेसाठी मला त्यांच्याकडे ठेवलं होतं. कारापूरच्या वाड्यावर ते अर्धं आयुष्य राहिले, तरी लोक त्यांना 'दोडामार्गकार'च म्हणत. मायेने म्हणत, पण म्हणत. भाषेचा वाद पेटला होता तेव्हा चहाच्या दुकानात कोणीतरी विचारलं, "दोडामार्गकार, तुमी मराठी काय कोंकणी?" काका म्हणाले, "मी चायवालो. आधी चाय सांग." सगळे हसले. घरी आल्यावर मात्र बूट काढता काढता मला म्हणाले, "गो, ते एकमेकांक विचारनत नाय. माकाच विचारतत."

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले आणि वाड्याच्या टोकाची गोदाबाईंची बाग, आतल्या घरासकट, त्यांनी घेतली. गोदाबाई आता बेळगावला लेकीकडे राहणार होत्या. मानकुरादचे आंबे, फणस, भिरंडीची म्हणजे कोकमाची झाडं, बिमली, आणि विहिरीकडेला औषधी पानांचा वाफा... सगळं दुसऱ्याच्या हाताने वाढलेलं, आणि आम्ही दोघं कोरे. मला झाडांची नावं पुस्तकातली यायची, तीही इंग्रजीत. काकांना फळ ताटात आल्यावरच ओळखू यायचं. वाफ्यातलं काय आहे हे कळायला ते रोज सकाळी एकेक पान चावून बघायचे. अडुळसा, पानओवा, वेखंड असं करत एक दिवस कडूजहर किराईत चावलं आणि दुपारपर्यंत बोलले नाहीत. मला मनातून फार हसू येत होतं, पण मी विहिरीकडे तोंड करून उभी राहिले.

श्रावणात कुंपणावर इतक्या वेली चढल्या की पलीकडचा रस्ता दिसेना. काकांनी कोयता घेतला आणि सगळं साफ केलं. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आता बघ. हापिसासारख्या दिसता." मलाही ते फार नीटनेटकं वाटलं.

चवथीच्या आदल्या दिवशी वाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं, वेली, घोस बांधतात, ती माटोळी. आख्ख्या वाड्याची माटोळी गोदाबाईंच्या कुंपणावर उगवत होती. ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण इथे राहणाऱ्या माणसाला असलं कोण सांगतं? सुलभामावशी त्या उघड्या काठ्यांकडे बघतच राहिल्या. "हें कोणें केलें?"

"मीच. साफ केलंय."

"आनी माटोळेक कितें बांदूं? तुमचो कोयतो?"

मागच्या बायका हसल्या, पण टोपल्या रिकाम्याच परत गेल्या. काका पायरीवर बसून राहिले. "आता मरेपर्यंत दोडामार्गकार," एवढंच म्हणाले. मग उठले, रिकामं पोतं घेतलं आणि वाळपईची बस पकडली. तिथल्या बाजारात त्या दिवशी सत्तरीच्या रानातला माल येतो. दिवेलागणीला पोतं खांद्यावर घेऊन परतले आणि तसेच घरोघर निघाले. मी मागून टोपली घेऊन. मी दारातच थांबायचे. काकांनाही पोतं ओसरीवर ठेवून निघायचं होतं, पण पहिल्याच घरात सुलभामावशी म्हणाल्या, "उंच आसात न्हय? चडात स्टुलार. बांदात. उपरांत वचात." काका चप्पल काढून आत गेले. इतक्या वर्षांत त्या घराच्या देवाच्या खोलीत ते पहिल्यांदाच जात होते. पुढच्या घरात, त्याच्या पुढच्या घरातही तेच झालं. आमची माटोळी सगळ्यात शेवटी बांधली.

त्यानंतर दर चवथीला त्यांना बोलावणं यायचं, आणि पाऊस लागला की कोयता माळ्यावर जायचा. बाग आम्हाला हळूहळू कळत गेली, काही चुकत, काही शेजाऱ्यांना विचारत. नाव मात्र दोडामार्गकारच राहिलं... निदान त्यांच्या कानावर तरी.

यंदा आषाढात ते गेले. घरात वर्षभराचं सुतक, त्यामुळे गणपती नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मी रजा घेऊन आले होते. कुंपण भरून वाहत होतं आणि दुपारपर्यंत कोणी फिरकलं नव्हतं. ज्या घरात माणूस गेलंय तिथलं माटोळीला चालतं की नाही, मला माहीत नव्हतं. हाक मारून विचारणं मला कधीच जमलेलं नाही. वाटलं, काकांनी जोडलेलं सगळं त्यांच्याबरोबरच गेलं. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "बाये, भितर येना हां. तुमगेर सुतक. पूण वंयेक खंयचें सुतक?" कुंपणाला आमच्याकडे वंय म्हणतात. सुलभामावशींच्या मागे इतर बायकाही होत्या. रस्त्यावर उभ्या राहूनच त्या तोडत होत्या. मग एका घोसावरून दोघींचं भांडण लागलं, आणि मला बरं वाटलं.

विसर्जनानंतर मी भिरंडांची सोलं द्यायला मावशींकडे गेले. माटोळी उतरवून ओसरीला टेकवून ठेवली होती. चौकटीवर यंदाच्या गाठींच्या मध्ये मध्ये जुन्या, वाळून काळ्या पडलेल्या गाठी होत्या. टोकं सुरीने कापलेली, पण वेढे तसेच. मी बोट फिरवून पाहिलं. काका फायलींच्या गठ्ठ्यांना मारायचे ती दुहेरी गाठ... ऑफिसातही ती कोणाला सुटायची नाही.

"दर वर्सा कापतां," मावशी आतून म्हणाल्या. "सोडूंक येना कोणाक. रावूं दी थंयच."