पाणी गार झालंय
उपनगरातल्या त्या साठ घरांच्या वसाहतीत काळ्या कातडीचं घर एकच होतं. बाप बॉयलर दुरुस्त करायचा, आई दवाखान्यातल्या चादरी धुवायची, आणि आठ वर्षांच्या पोरीचं नाव वसाहतीतल्या पोरांनी शाई ठेवलं होतं. माणसं मोठी सुसंस्कृत. शिवी कधी कुणी दिली नाही. तेवढा दम लागतो, आणि तो त्यांच्यात नव्हता.

वसाहतीला पोहायचा तलाव होता. शाई पाण्यात उतरली, की काठावरच्या खुर्च्यांत बसलेल्या बायकांमधून सेक्रेटरीणबाई ओरडायच्या, "बाहेर या रे सगळे! पाणी गार झालंय!" दोन मिनिटांत तलाव रिकामा. पोरं टॉवेल गुंडाळून खोटंखोटं कुडकुडायची.

"बाबा, मी उतरले की पाणी गार होतं," शाईने घरी येऊन सांगितलं.

बाप सरळ माणूस, त्याला ते खरंच वाटलं. "हीटर बोंबललाय," म्हणत त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि सलग तीन रविवार तलावाच्या पंपघरात घातले, तेही फुकट. कॉइल खरवडली, थर्मोस्टॅट बदलला. बाई त्याला कागदी कपातून चहा पाठवायच्या आणि कामाचं तोंडभरून कौतुक करायच्या. चौथ्या रविवारी पाण्यावर चक्क वाफ होती.

"उतर आता," बाप हात पुसत म्हणाला. "बघ कसं मस्त झालंय."

ती उतरली.

"बाहेर या रे सगळे! पाणी गार झालंय!"

पोरं वाफेतून कुडकुडत बाहेर आली. बापाने वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. घरी जाताना त्याने पोरीकडे पाहिलं नाही. त्या बायकांवर रागावण्याइतकीही किंमत शाईने त्यांना पुढे दिली नाही, पण बापाची खाली गेलेली मान ती विसरली नाही.

ती बापाचाच धंदा शिकली. गाडीवर ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतलं : शाई बॉयलर दुरुस्ती. तीस वर्षांनी वसाहतीतून फोन आला, तलावाचा हीटर बंद पडलाय. फाटकाशी सेक्रेटरीणबाईच उभ्या होत्या, केस रंगवलेले, जीभ तीच.

"अगं, तू तर आमच्या डोळ्यांसमोर वाढलीस! आम्ही कधी भेद केला का?"

शाईने गाडीतून हत्यारांची पेटी काढली. ती काठावर गेली. बाईंची नातवंडं पाण्यात होती, ओठ निळे पडलेली. तिने वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"काकू, पोरांना बाहेर बोलवा. गारठलीत."

बाई घाईने काठाशी आल्या आणि त्याच जुन्या आवाजात ओरडल्या, "बाहेर या रे सगळे! पाणी गार झालंय!"

मग त्यांचा हात तोंडावर गेला.

शाईने पेटी उघडलीच नव्हती. पेटी उचलून ती फाटकाकडे निघाली.

"अगं, आणि हीटर?"

"तुमच्या ओरडण्याने वाफाळतं पाणी गार व्हायचं, काकू. आता ओरडून गरम करा."